टाळूवरचा डाग आणि दातांची तार : आधी निदान की आधी उपचार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचे वय २६ असून पुढे आलेले आणि दाटीवाटीने उगवलेले दात सरळ करून घ्यायचे तुम्ही ठरवले आहे. चारही बाजूंच्या पहिल्या उपदाढा काढायच्या, वरच्या दाढा पुढे सरकू नयेत म्हणून टाळूवर ॲक्रिलिकचे बटन बसवायचे आणि साधारण दोन वर्षे तार ठेवायची, असा आराखडा झाला आहे. मात्र तपासणीत उजव्या पहिल्या दाढेच्या समोर, टाळूच्या उतारावर, सुमारे ५ मिलिमीटरचा निळसर-काळा सपाट डाग दिसला. एका ऑर्थोडॉन्टिस्टनी (दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांनी) त्याचे निदान झाल्याशिवाय तार लावणार नाही असे सांगितले. दुसऱ्यांनी ‘तसे डाग असतात, तार लावून टाकू आणि लक्ष ठेवू’ असे सांगितले. डाग दुखत नाही, तो कधीपासून आहे हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि कोणाचे ऐकावे हे तुम्हाला कळत नाही.

माझे उत्तर स्पष्ट आहे : थांबायला सांगणाऱ्या डॉक्टरांचे ऐका. हा डाग बहुधा निरुपद्रवी निघेल, असे तुम्ही दिलेल्या वर्णनावरून वाटते. पण ‘बहुधा’ या शब्दावर दोन वर्षांचा उपचार उभा करू नये. निदानाला फार तर काही आठवडे लागतात. वाढ पूर्ण झालेल्या माणसाच्या दातांच्या बाबतीत या काही आठवड्यांनी काहीही बिघडत नाही. उलट, एकदा बटन आणि तारा टाळूवर बसल्या की त्याच डागाचे निदान करणे कितीतरी अवघड होऊन बसते.

ते अवघड का होते, हे नीट सांगतो, कारण दोन डॉक्टरांच्या मतभेदाचे मूळ तिथेच आहे. ‘लक्ष ठेवू’ या सल्ल्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे डाग दिसत राहील. पण टाळूवरचे बटन दाढांना बसवलेल्या पट्ट्यांपासून निघालेल्या जाड तारेवर उभे असते, आणि ती तार नेमकी तुमचा डाग आहे त्या उतारावरून पुढे जाते. अशा उपकरणाखाली अन्नाचे कण अडकतात, टाळूचे आवरण लाल होते, थोडे सुजते, कधी तारेचा वळ उमटतो. सहा महिन्यांनी डागाची कड पुसट झालेली किंवा रंग गडद झालेला दिसला, तर तो बदल डागात झाला की तारेच्या घासण्याने झाला, हे कोणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. शिवाय घासण्याने आणि दाहानेही त्या जागी रंगद्रव्य वाढू शकते, म्हणजे नवा रंग जुन्या डागात मिसळतो. आणखी एक व्यावहारिक मुद्दा सहसा कोणी सांगत नाही. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली, तर स्टेनलेस स्टीलचे ब्रॅकेट (तार धरण्यासाठी दातांवर चिकटवलेले तुकडे) आणि पट्ट्या त्याच भागातली प्रतिमा विस्कटून टाकतात आणि बसवलेले सगळे काढावे लागू शकते.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तरुणीच्या टाळूवर असाच डाग दिसला, आणि मी तिच्या कागदावर ‘जुन्या चांदीचा डाग’ असे लिहून मोकळा झालो. त्या बाजूच्या एकाही दातात चांदी भरलेली नव्हती, हे तपासायचे राहून गेले. चौदा महिन्यांनी बटन काढले तेव्हा डाग मला मोठा वाटला. तो खरोखर मोठा झाला होता का? मला सांगता येईना, कारण सुरुवातीला मी तो मोजला नव्हता आणि टाळूच्या फोटोत तो अर्धाच आला होता. तपासणीत तो निरुपद्रवी निळा तीळ निघाला, पण अहवाल येईपर्यंतचे ते दिवस तिने आणि तिच्या घरच्यांनी ज्या काळजीत काढले, ती काळजी टाळता येण्यासारखी होती. त्या दिवसापासून माझ्याकडे नियम आहे : रंगीत डागाला नाव मिळाल्याशिवाय त्याच्यावर किंवा त्याच्या आसपास कोणतेही उपकरण बसत नाही.

आता तुमच्या डागाकडे वळू. तोंडातला काळा, निळा, राखाडी किंवा तपकिरी रंग मुख्यतः तीन गोष्टींतून येतो : मेलॅनिन (त्वचेला रंग देणारे द्रव्य), रक्त आणि बाहेरून आत शिरलेला पदार्थ. मेलॅनिन आवरणाच्या वरच्या थरात असेल तर ते तपकिरी दिसते; तेच खोल असेल तर वरच्या थरांतून परत येणाऱ्या प्रकाशामुळे निळसर दिसते. म्हणूनच केवळ निळा रंग पाहून ‘हे रक्तच’ किंवा ‘ही चांदीच’ असे म्हणता येत नाही. हिरड्यांवर दोन्ही बाजूंना सारखा पसरलेला, लहानपणापासून असलेला तपकिरी रंग ही निसर्गदत्त गोष्ट असते आणि तिला कसलाही उपचार लागत नाही. पण तुमचा डाग एकच आहे, एकाच बाजूला आहे आणि टाळूवर आहे, म्हणून त्याला या गटात ढकलून देता येणार नाही.

तपासणीपूर्वी मी तुम्हाला चार-पाच प्रश्न विचारले असते. त्यांची उत्तरे तुम्ही तुमच्या डॉक्टरांकडे लिहूनच न्या. त्या बाजूच्या दाढांत लहानपणी चांदी भरली होती का, आणि ती नंतर कोणी काढून पांढरी फिलिंग केली का? त्या बाजूची एखादी दाढ काढली होती का? शाळेत असताना पेन्सिलचे टोक टाळूत घुसल्याचे घरात कोणाला आठवते का? (ग्राफाइटचा कण टाळूत राहून वर्षानुवर्षे राखाडी ठिपका दिसणे हे अजिबात दुर्मीळ नाही, आणि रुग्णाला तो प्रसंग बहुधा आठवत नसतो, आईला आठवतो.) धूम्रपान करता का? आणि कोणती औषधे दीर्घकाळ घेतली आहेत?

या शेवटच्या प्रश्नावर मी मुद्दाम रेंगाळतो, कारण तार लावायला येणाऱ्या वयोगटात त्याचे महत्त्व फार आहे. मुरुमांसाठी काही महिने किंवा वर्षे मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक घेतलेल्या व्यक्तींत ते औषध हाडात रंग सोडते, आणि टाळूच्या पातळ आवरणातून ते काळवंडलेले हाड निळसर-राखाडी दिसते. आवरण स्वतः पूर्णपणे निरोगी असते. डाग म्हणून दिसतो तो खालच्या हाडाचा रंग. गोळी बंद केल्यावरही हा रंग दीर्घकाळ टिकू शकतो. मिनोसायक्लिनमुळे पूर्ण वाढ झालेल्या दातांवरही राखाडी छटा येऊ शकते, आणि हे आधी लक्षात आले नाही तर तार काढल्यानंतर ‘ब्रॅकेटच्या गोंदाने दात काळे झाले’ असा गैरसमज होतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसारखी औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या कठीण टाळूवर निळसर-राखाडी पट्टा दिसतो, आणि कठीण टाळू संपून मऊ टाळू सुरू होतो तिथे तो बऱ्याचदा एकदम थांबतो. औषधाचा रंग मात्र सहसा पसरट आणि दोन्ही बाजूंना असतो. तुमचा डाग एका जागी आणि आटोपशीर आहे, त्यामुळे मिनोसायक्लिन घेतले असले तरी तेवढ्यावर निदान संपले असे मानू नका.

प्रत्यक्ष तपासणी कशी व्हायला हवी, हेही सांगतो, म्हणजे ती नीट झाली की नाही हे तुम्हालाच समजेल. टाळू गॉजने कोरडा करतात. आरसा कोमट पाण्यात धरून मग तोंडात ठेवतात, नाहीतर श्वासाने तो धुरकट होतो आणि फोटोत डागाची कड हरवते. डागाशेजारी मिलिमीटरच्या खुणा असलेला बारीक प्रोब (मोजायची सळई) धरून एक फोटो काढतात, प्रोबशिवाय दुसरा. मग काचेची पट्टी डागावर हलकेच दाबतात. दाबल्यावर रंग फिका पडला आणि काच उचलताच परत भरून आला, तर त्यात वाहते रक्त आहे. रंग जागचा हलला नाही, तर मेलॅनिन, धातू किंवा आवरणाखाली साकळलेले रक्त यांपैकी काहीतरी असते. साकळलेल्या रक्ताचा रंग दिवसांगणिक बदलत जातो आणि साधारण दोन आठवड्यांत तो डाग नाहीसा होतो, त्यामुळे दोन आठवड्यांच्या अंतराने काढलेले दोन फोटो त्याचा निकाल लावतात. शेवटी बोटाने चाचपून पाहतात : डाग सपाट आहे की किंचित उंच, खाली गाठ लागते का, कुठे व्रण आहे का. मानेच्या गाठीही तपासतात.

दाबल्यावर रंग फिका पडणारा डाग निघाला, तर आराखड्याच्या दृष्टीने प्रश्न एकदम वेगळा होतो. रक्तवाहिन्यांची जन्मजात विकृती कधीकधी जबड्याच्या हाडातही पसरलेली असते, आणि अशा जागी उपदाढ काढताना आवरता न येणारा रक्तस्राव होऊ शकतो. तिथे सुरी लावण्यापूर्वी, किंबहुना दात काढण्यापूर्वीही, स्कॅन करून ती किती खोल आहे हे पाहावेच लागते.

चांदीच्या डागाची शक्यता तुमच्या बाबतीत सर्वांत जास्त वाटते, विशेषतः त्या दाढेत फिलिंग झालेले असेल तर. जुने फिलिंग कोरून काढताना किंवा दाढ काढताना अमाल्गमचे (म्हणजे चांदीच्या फिलिंगच्या मिश्रधातूचे) सूक्ष्म कण आवरणात घुसतात आणि त्यातली चांदी तिथल्या तंतूंवर कायमची बसते. ऑर्थोडॉन्टिक उपचारासाठी काढलेल्या ओपीजीमध्ये हे कण दिसले नाहीत म्हणून चांदी नाही, असा अर्थ होत नाही. ओपीजी हा संपूर्ण जबड्याचा आढावा घेणारा एक्स-रे असतो, त्यात बारीक तपशील पुसट होतात. त्या दाढेचा छोटा, तोंडात फिल्म ठेवून काढलेला एक्स-रे घ्यायला सांगा. त्यात पांढरे ठळक कण डागाच्या जागी दिसले, जवळ चांदीच्या फिलिंगचा इतिहास मिळाला, आणि डाग सपाट व एकसारख्या रंगाचा असला, तर बायॉप्सीची, म्हणजे तुकडा काढून तपासण्याची, गरज राहत नाही. मात्र कण फार बारीक असतील तर चांदी असूनही एक्स-रे कोरा दिसतो, आणि मग नुसत्या अंदाजावर थांबता येत नाही.

नुसत्या अंदाजावर थांबू नये, याचे कारण मेलॅनोमा, म्हणजे मेलॅनिन बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग, आहे. हा शब्द वाचून तुम्ही दचकाल, म्हणून आधी हे सांगतो की तोंडातला मेलॅनोमा अतिशय विरळ आहे, सर्व मेलॅनोमांमध्ये त्याचे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी आहे, आणि तो साधारणपणे पन्नाशीच्या पुढे दिसतो. तुमचे वय आणि डागाचा लहान आकार तुमच्या बाजूने आहेत. तरीही तो होतो तेव्हा बहुतांश वेळा कठीण टाळूवर किंवा वरच्या हिरडीवर होतो, सुरुवातीला दुखत नाही, आणि काही काळ अगदी सपाट, साध्या डागासारखा राहतो. त्वचेच्या मेलॅनोमाप्रमाणे उन्हाशी त्याचा संबंध नसतो, त्यामुळे ‘आपण उन्हात जात नाही’ हा दिलासा इथे उपयोगाचा नाही. उशिरा सापडल्यास तो घातक ठरतो, आणि उशिरा सापडण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे कोणीतरी त्याला चांदीचा डाग समजून सोडून दिलेले असते. वेडावाकडा आकार, अस्पष्ट कडा, एकाच डागात दोन-तीन छटा, ६ मिलिमीटरपेक्षा जास्त व्यास आणि कालांतराने होणारा बदल, या त्वचेच्या डागांसाठी वापरल्या जाणाऱ्या खुणा तोंडातही मदतीला येतात. पण तोंडात त्या पूर्ण विश्वासाच्या नाहीत. लहान, नीटस डागाला त्यांनी दिलेले अभय मी अंतिम मानत नाही.

चांदी आणि मेलॅनोमा यांच्या मध्ये बऱ्याच साध्या शक्यता आहेत. मेलॅनिनचा साधा ठिपका ओठावर आणि हिरडीवर जास्त दिसतो, पण टाळूवरही असतो. तीळ तोंडात कमी असतात, आणि जे असतात त्यांची आवडती जागा टाळूच आहे. त्यातला निळा तीळ अगदी तुमच्या वर्णनासारखा दिसू शकतो. हे सगळे निरुपद्रवी आहेत. अडचण इतकीच की डोळ्यांनी पाहून निळा तीळ आणि सुरुवातीचा मेलॅनोमा यांत फरक करता येईलच, अशी खात्री कोणत्याही अनुभवी डॉक्टरने देऊ नये. म्हणून टाळूवरचा एकाकी रंगीत डाग, ज्याचे कारण इतिहासातून आणि एक्स-रेमधून सिद्ध होत नाही, त्याचा तुकडा तपासायचाच असतो.

तुमचा डाग ५ मिलिमीटरचा असल्याने तो कडेच्या एक-दोन मिलिमीटर निरोगी आवरणासह संपूर्ण काढला जाईल. डाग मोठा असता तर सर्वांत गडद किंवा सर्वांत जाड भागातून तुकडा घेतला असता. जागा बधिर करून हे पंधरा-वीस मिनिटांत होते. टाळूवरची जखम बऱ्याचदा टाके न घालता तशीच भरू देतात, आणि ती दोन ते चार आठवड्यांत भरते. तोवर मऊ अन्न आणि स्वच्छता एवढेच सांभाळायचे. एक गोष्ट मात्र मान्य करू नका : लेसरने डाग ‘जाळून’ टाकणे. डाग दिसेनासा होतो, पण तपासायला पेशीच उरत नाहीत, आणि मग तो काय होता हे कधीच कळत नाही. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये तोंडाच्या विकारांचा अनुभव असलेल्या पॅथॉलॉजिस्टकडे जावा, आणि सोबतच्या कागदावर जागा, आकार, औषधे व फिलिंगचा इतिहास लिहिलेला असावा. शंका उरली तर ते एस-१००, एचएमबी-४५, मेलॅन-ए यांसारख्या विशेष चाचण्या लावतात.

या काळात दातांच्या उपचाराचे काम बंद ठेवायचे कारण नाही. फोटो, दातांचे साचे किंवा स्कॅन, ओपीजी, लॅटरल सेफॅलोग्राम (डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे) हे सगळे करून घ्या. दाटी किती मिलिमीटरची आहे, पुढचे दात किती मागे न्यायचे आहेत, ओठांच्या ठेवणीवर त्याचा काय परिणाम होईल, हा हिशेब डागाशी निगडित नाही. चारही उपदाढा काढायचा निर्णय दाटी आणि दातांचा कल यांवरून होतो, आणि डाग साधा निघाला तर तो निर्णय तसाच राहतो. फक्त दात प्रत्यक्ष काढण्याची तारीख अहवालानंतरची ठेवा, कारण काढलेला दात परत बसवता येत नाही. एक गोष्ट इथेच पाहून घ्या : डागाचा इतिहास खणताना एखाद्या दुसऱ्या उपदाढेत मोठे, डळमळीत फिलिंग आढळले, तर निरोगी पहिली उपदाढ काढण्याऐवजी ती कमकुवत दुसरी उपदाढ काढून आराखडा बसतो का, हा प्रश्न जरूर विचारा. उपचाराची यांत्रिकी थोडी अवघड होते, पण चांगला दात वाचतो.

डागाच्या निदानानुसार खरोखर बदलतो तो दाढा रोखून धरण्याचा मार्ग. चांदी सिद्ध झाली, तर बटन बसवायला हरकत नाही, फक्त तार डागावर टेकणार नाही इतकी उंच वाकवून घ्यावी. डाग काढला असेल, तर जखम पूर्ण भरून आवरण घट्ट होईपर्यंत टाळूवर काहीही ठेवू नये. मी तुमच्या जागी असतो तर टाळू मोकळाच ठेवायचा आग्रह धरला असता : वरची दुसरी उपदाढ आणि पहिली दाढ यांच्या मध्ये, गालाच्या बाजूने, उजवीकडे आणि डावीकडे प्रत्येकी एक छोटा स्क्रू हाडात बसवून त्याच्या आधाराने पुढचे दात मागे ओढता येतात. त्यात टाळूवरचे एकही उपकरण लागत नाही, आणि दर महिन्याला टाळू स्वच्छ दिसतो. मुळांमधली जागा पुरेशी आहे का, हे मात्र एक्स-रेवर आधी मोजावे लागते.

हीच गोष्ट बारा वर्षांच्या, मागे राहिलेल्या खालच्या जबड्याच्या मुलाबद्दल विचारली असती, तर उत्तराचा सूर थोडा वेगळा असता. तिथे वाढीचा वेग हाच उपचाराचा आधार असतो आणि सहा-आठ महिने दवडणे महाग पडते. तिथेही मी निदान आधीच केले असते, फक्त बायॉप्सीसाठी पुढच्याच आठवड्यातली वेळ मागितली असती.

तुम्ही एकाच डागाबद्दल लिहिले आहे. तरी आरशात ओठांची आतली बाजू, गालांचे आतले आवरण आणि बोटांची टोके पाहून घ्या. ओठांवर व गालांच्या आत लहान लहान तपकिरी ठिपके आणि सोबत अधूनमधून पोटात कळा येत असतील, तर आतड्यांची तपासणी लागते. तोंडात ठिकठिकाणी नव्याने रंग येत असेल आणि सोबत थकवा, वजन घटणे, उठताना चक्कर, खारट खाण्याची ओढ असेल, तर अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींची, म्हणजे मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींची, रक्ततपासणी दात काढण्याच्या आधी झालीच पाहिजे, कारण त्या ग्रंथी कमी काम करत असतील तर शस्त्रक्रियेचा ताण जिवावर बेतू शकतो.

हिरड्यांचा नैसर्गिक सावळा रंग फिका करून घेण्याचा विचार मनात असेल, तर तो तार काढल्यानंतरच करा. दात सरकताना हिरडीची कड बदलते, आणि फिका केलेला रंग पुन्हा गडद होऊ शकतो.

दोन वर्षांनी रिटेनरची (सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणाऱ्या उपकरणाची) वेळ येईल तेव्हा टाळू झाकणारी ॲक्रिलिकची प्लेट घेऊ नका. दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार किंवा फक्त दातांवर बसणारा पारदर्शक रिटेनर मागा. पॅथॉलॉजीच्या अहवालाची प्रत स्वतःकडे ठेवा, आणि प्रोब शेजारी धरून काढलेला टाळूचा तो पहिला फोटो, तारखेसह, तुमच्या फाइलमध्ये लावला आहे ना, हे पुढच्या भेटीत स्वतः पाहून घ्या.